फळीला आलेलं टेन्शन

कारखान्याच्या कँटीनमध्ये त्या दुपारी जेवणाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. दीडशे माणसं बाकांवर चढून, एकमेकांच्या खांद्यांवर रेलून, समोरच्या टेबलावरच्या पेटीतली एक सुई बघत होती. सुई लाल पट्ट्यात थरथरत होती. मग लोकांचं टेन्शन उतरवून देणाऱ्या नसगुरूंनी समोरच्या रंधा मारणाऱ्या माणसाचे दोन्ही तळहात आपल्या रेशमी रुमालात घेतले, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि म्हणाले, "आता धर."

त्याने पेटीला जोडलेल्या पितळेच्या दोन मुठी पुन्हा धरल्या. सुई धाडकन शून्यावर आली.

"गेली! गाठ गेली!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि टाळ्यांनी पत्रे हादरले. पॉलिशवाल्या बायकांनी तोंडात बोटं घातली. एकीने तर डोळे पुसले.

"माणसाच्या अंगात अडुसष्ट हजार नसा," नसगुरू सांगत होते. गेल्या आठवड्यात त्या चौऱ्याहत्तर हजार होत्या. मधल्या काळात सहा हजार नसा कुठे गेल्या, हे कुणी विचारलं नाही. "प्रत्येक नसेला टेन्शनची गाठ बसते. ही गाठ डॉक्टरला दिसत नाही, कुठल्याही यंत्राला दिसत नाही!"

"मग हे टेबलावर काय आहे, फुलदाणी?" भिंतीला टेकलेली ओलताई पुटपुटली. शेजारणीने तिला कोपर मारलं.

ओलताई हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. या कारखान्यात दारं आणि टेबलं बनायची. ओल्या लाकडाचं दार केलं की महिन्याभरात ते वाकतं, म्हणून भट्टीत सुकवलेल्या प्रत्येक फळीला ओलमापकाच्या दोन टोच्या लावून बघायचं तिचं काम. सुई वर गेली की फळी परत भट्टीत. कितीही घाई असो, ग्राहक दारात उभा असो, सुईपुढे मॅनेजरचंही काही चालत नसे. "सुई खोटं बोलत नाही," हे वाक्य ओलताईने चौदा वर्षं इतक्या वेळा ऐकवलं होतं की ते सगळ्या कारखान्याच्या अंगवळणी पडलं होतं. नसगुरूंनी बाकी कुठे काय दाखवलं असेल ते असो, इथे सुई दाखवली, आणि इथली माणसं सुईवर डोळे झाकून विश्वास ठेवणारी निघाली.

"पुढचा!" नसगुरू म्हणाले, आणि ओलताईचा धाकटा भाऊ पुढे झाला.

धाकटा मोठ्या गोल करवतीवर काम करायचा. सहा आठवड्यांपूर्वी करवतीत अडकलेली एक फळी उलटी उडाली आणि त्याच्या कानाला वारा घालून मागच्या भिंतीत घुसली. अंगावर ओरखडासुद्धा नाही. पण त्या दिवसापासून करवतीचा आवाज आला की त्याचं काळीज धडधडायचं, श्वास घशात अडकायचा, हात कापायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे बरं होतं, पण वेळ लागतो, आणि तोवर करवतीवर उभं राहायचं नाही. तो दोनदा दवाखान्यात गेला. मग नसगुरू अवतरले, आणि दवाखाना सुटला.

त्याच्या हातात मुठी येताच सुई टोकाला जाऊन आदळली. गर्दी हळहळली. नसगुरूंनी मान अशी हलवली की जणू माणूस हातचा गेलाच होता. मग रुमाल, मग पुटपुट, मग शून्य.

"वा!" मॅनेजरसाहेब उठले. कार्यक्रम त्यांनीच ठेवला होता. कामाचे तास तेवढेच ठेवून टेन्शन घालवायचा याहून सोयीचा मार्ग त्यांना तरी कुठला मिळणार! "दोनच्या भोंग्याला करवतीवर!"

ओलताईने भावाला दंडाला धरून बाजूला घेतलं. "वेडा झालास का? बोटं तुटतील तुझी."

"ताई, बघितलंस ना? शून्य!" त्याचा चेहरा उजळला होता. "आणि तूच म्हणतेस ना, सुई खोटं बोलत नाही?"

स्वतःचंच वाक्य असं भावाच्या तोंडून अंगावर आलं, त्याचा तिला राग आला, स्वतःचाच. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

ती टेबलाजवळ गेली. पेटी शिसवीची, वर पितळी नक्षी, आकड्यांच्या जागी सोनेरी कागद चिकटवलेला. नसगुरूंनी पुढच्या माणसासाठी बटण दाबलं. सुई दोनदा टुणटुण उडाली आणि मग स्थिर झाली. ते टुणटुणणं ओलताई चौदा वर्षं रोज बघत आली होती. सोनेरी कागद लावून ओळख लपते थोडीच!

"गुरुजी, आणखी दोघांची गाठ बघता का?" तिने गोड आवाजात विचारलं.

"का नाही? आणा, बाई, आणा."

ती बाहेर गेली आणि दोन फळ्या बगलेत मारून आली. गर्दीत खसखस पिकली. नसगुरूंना काही कळायच्या आत तिने सकाळीच आलेल्या ओल्या फळीवर पितळेच्या मुठी दाबल्या. सुई लाल पट्ट्यात गेली.

"अरे बापरे," मागून आवाज आला. "फळीला कुणी टेन्शन दिलं?"

मग तिने भट्टीतली सुकी फळी घेतली. शून्य. "हिची साधना पुरी झालेली दिसते," ओलताई म्हणाली. कोपऱ्यातल्या बादलीतून फरशी पुसायचा ओला फडका काढून तिने मुठींखाली ठेवला, तशी सुई टोकाला आदळली, धाकट्याच्या वेळी आदळली होती तशीच. हसून हसून पॉलिशवाल्या बायकांची पुरेवाट झाली.

"लाकडातही प्राण असतो!" नसगुरू गरजले.

"आणि फडक्यात?"

ओलताईने त्यांचा रेशमी रुमाल उचलून टेबलावर झटकला. पांढऱ्या पावडरीचा लोट उडाला.

"एवढ्या लोकांसमोर उभं केलं की कुणाच्याही तळहाताला घाम सुटतो," ती गर्दीकडे वळून म्हणाली. "ही पेटी ओल मोजते. आधी घाम मोजायचा, मग पावडरीने पुसायचा, मग कोरडा हात मोजायचा. झाली गाठ मोकळी!"

"पण मला खरंच बरं वाटतंय, ताई," धाकटा म्हणाला. तो हसत नव्हता.

आता काय करायचं ते तिला ठाऊक होतं, पण सगळ्यांसमोर त्याला उघडं पाडायला तिचं मन धजेना. त्याने तिच्याकडे बघितलं, फळीकडे बघितलं, आणि पावडर लागलेले हात स्वतःच मुठींवर ठेवले. "करवत सुरू करायला सांग."

"रिकामी चालवा," तिने शेजारच्या शेडकडे हाक दिली.

भिंतीपलीकडे करवत घोंगावू लागली. सुई क्षणभर शून्यावर होती. मग हलली. मग चढत गेली, सावकाश, न थांबता, पावडर भिजवत. धाकट्याचा जबडा घट्ट आवळला होता. कुणी हसत नव्हतं.

"रुमाल! रुमाल द्या त्याला!" नसगुरू हात पुढे करून धावले.

"पुसू नका," ओलताई मध्ये उभी राहिली. "हेच तर आम्हाला बघायचं होतं. हा आज करवतीवर उभा राहिला असता."

करवत बंद झाली. प्रथमोपचाराच्या खोलीतल्या नर्सबाई इतका वेळ मागे गप्प उभ्या होत्या. त्यांनी पुढे येऊन धाकट्याला बाकावर बसवलं.

"गाठबीठ काही नसते," त्या म्हणाल्या. "आपल्या मज्जासंस्थेत दोन बाजू आहेत असं समजा. एक संकटात अंगाला धावायला लावते. काळीज जोरात चालतं, श्वास भराभर होतो, घाम येतो. फळी उडाली तेव्हा याने मान झटकन वळवली, ती तिच्यामुळे. दुसरी बाजू संकट टळलं की सगळं जागेवर आणते. याच्या बाबतीत पहिलीला अजून पटलेलं नाही की फळी गेली."

"मग पटवायचं कसं?" रंधा मारणाऱ्याने विचारलं.

"धीराने. श्वास घ्यायला वेळ लागतो त्याहून जास्त वेळ तो सोडायला लावायचा. नीट झोपायचं, रोज चालायचं, मनातलं कुणाशी तरी बोलायचं. आणि डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे करवतीच्या जवळ जायचं, आधी बंद असताना, मग लांबून, मग जवळून. आठवडे लागतात. एका पुसण्यात होत नाही."

धाकटा सांगितल्यासारखा श्वास सोडत बसला. पाच-सात मिनिटांनी त्याच्या खांद्यांचा ताठरपणा जरा उतरला. जराच.

"सुई खोटं बोलत नाही, असं मी तुम्हाला शिकवलं," ओलताई म्हणाली. "अर्धवटच शिकवलं. सुई काय मोजते, ते आधी विचारायचं असतं. कुणी सुई दाखवली, आकडा दाखवला, चमत्कार दाखवला, की विचारायचं, हे नक्की काय आहे आणि मला दुसऱ्यांदा, माझ्या पद्धतीने, करून दाखवता का? जो चिडेल, त्याच्याकडून काही घेऊ नका."

नसगुरू एव्हाना पेटी झग्यात गुंडाळून मागच्या दाराने निघाले होते. त्यांना थांबवायची तसदी कुणी घेतली नाही. मॅनेजरसाहेब मात्र घसा खाकरत म्हणाले, "ठीक आहे, झालं ते झालं. पण करवतीवर माणूस तर लागेलच. दोन वाजत आले."

धाकटा उठला. त्याचे हात अजून कापत होते आणि त्याने ते खिशात लपवले नाहीत.

"साहेब, मी आज करवतीवर जाणार नाही. मला भीती वाटते."

या कारखान्यात हे वाक्य मोठ्याने कुणी कधी म्हटलं नव्हतं. मॅनेजरसाहेबांनी काही बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात रंधा मारणाऱ्याने हात वर केला. "मलाही. मार्चपासून झोप नाही." मग पॉलिशवाल्यांपैकी एकीने. मग भट्टीवरच्या म्हाताऱ्याने, ज्याला सगळे दगड म्हणायचे. भोंगा वाजला तरी हात वर येतच होते आणि मॅनेजरसाहेबांना ते मोजण्यावाचून इलाज उरला नव्हता.

नर्सबाईंनी खुर्ची ओढली आणि म्हाताऱ्याला समोर बसवून विचारलं, "सांगा आजोबा, कधीपासून?"