वाजलं नाही म्हणजे सरळच

अरे, शोरूममधली ती पोरगी, गिऱ्हाइकाच्या हातात किल्ली देण्याआधी त्याचा अख्खा वर्ग घेते म्हणून सगळे तिला ‘बाई’ म्हणतात, ती त्या आठवड्यात पार पिचली होती. झालं काय, गाड्यांना नवं अपडेट आलं. आधी गाडी रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्याबाहेर सरकली की पीं पीं वाजायचं. लोकांनी कटकट केली, म्हणून आवाजच बंद! आता नुसतं स्टिअरिंग थरथरतं. आणि बाईने घसा फोडून काय शिकवलेलं? ‘वाजलं की सावध व्हा.’ आता एकेकाला फोन करून ते पुसायचं. लोक ‘हो हो, कळलं’ म्हणून फोन ठेवणार.

पण तिचा जीव अडकलेला दादात. सख्खा भाऊ, रोज रात्रपाळी करून पेंगत इथलीच गाडी हाकत घरी येणारा, वाजेलच या भरवशावर.

‘दादा, आता वाजत नाही रे.’

‘तू शिकवणार मला? तुझा शेंबूड पुसलाय मी.’

‘पुसलास ना? मग चल, एक चक्कर मारू.’

रविवारी सकाळी रस्ता मोकळा. ती शेजारी बसली. ‘आता इंडिकेटर न देता पट्टा ओलांड.’ त्याने ओलांडला.

‘जाणवलं?’

‘काय जाणवायचंय? तुमची गाडीच भंगार!’

पुन्हा ओलांडला, पुन्हा काही नाही. बाईने स्टिअरिंगला हात लावला आणि कपाळावर मारून घेतला. हाताला घाम येतो म्हणून वहिनीने कापूस भरून हे जाडजूड कव्हर शिवून दिलेलं! गाडी बिचारी थरथरून थरथरून दमली, दादाला पत्ताच नाही.

‘स्टिअरिंगच्या मधल्या उघड्या दांड्यावर बोट ठेव आणि आता ओलांड.’

ठेवलं, ओलांडला, आणि दादाचा चेहराच उतरला. गाडी कडेला घेतली.

‘परवा डोळा उघडला तर समोर ट्रक,’ तो हळूच म्हणाला. ‘मला वाटलं, वाजलं नाही म्हणजे मी सरळच आहे. त्या ट्रकवाल्यालाच शिव्या घातल्या गं मी.’

बाईला रागवायचं होतं, पण अंगात त्राणच नव्हतं. दादा किल्लीने कव्हरची शिवण उसवायला लागला.

‘वहिनीला काय सांगशील?’

‘ते तू सांग. तुझं कामच आहे ना समजावणं?’

‘दादा, झोप आली असेल तर थरथरूनही उपयोग नाही रे.’

त्याने उरलेले दोरे ओढून काढले. मग म्हणाला, ‘उद्यापासून बसने येतो.’

‘ये,’ ती म्हणाली, आणि खिडकीला डोकं टेकून तशीच बसून राहिली. बाकी सगळ्यांचे फोन अजून व्हायचेच होते.