इंझूच्या टाळूचा वास

ऑगस्ट सरत आला की माळावर झुसान फुलतो. झुसान म्हणजे दवण्याचा रांगडा, कडू चुलतभाऊ. नदीपासून थेट डोंगराच्या पायथ्यापर्यंत तोच तो, करडा-हिरवा, आणि त्याच्या मधोमध गावाकडे येणारा रस्ता. परमुलखात गेलेले कझाक या वासाच्या आठवणीने रडतात म्हणे. दोसान गावात राहूनच रडायचा. याच दिवसांत त्याचं नाक बंद व्हायचं ते थंडी पडेपर्यंत उघडायचं नाव घ्यायचं नाही. डोळे लाल, शिंका सुटल्या की थांबायच्या नाहीत, आणि आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा.

हे सगळं जन्मभर ट्रक चालवून पोटात गेलेल्या धुळीमुळे होतं, असं तो म्हणायचा. उघड्या डोक्याने फिरल्यामुळे होतं, असं त्याची बायको बातिमा म्हणायची. इतकी वर्षं नाकावाचून कोणाचं काही अडलं नव्हतं. ट्रक चालवायला नाक लागत नाही. बातिमाच्या हातचं जेवायला तर नाक नसलेलंच बरं, असं तो लांबून, ती ऐकणार नाही अशा बेताने म्हणायचा.

यंदा मात्र अडलं. लेक अकमारल बाळंतपणानंतर पहिल्यांदा माहेरी आली होती. तान्ह्या इंझूला घेऊन आणि सोबत सासऱ्याला घेऊन. तिचं सासर पार उत्तरेला, दोन दिवसांच्या वाटेवर. पुन्हा येणं पुढच्या वर्षी. आणि तान्ह्या बाळाच्या टाळूचा वास काही वर्षभर थांबत नाही. आमच्याकडे वडीलधारी माणसं नातवंडाचे मुके घेत नाहीत, टाळू हुंगतात, डोळे मिटून, पोटापर्यंत श्वास ओढून. तो वास एकदा छातीत गेला की तुम्ही आजोबा झालात. दोसानला आजोबा व्हायचं होतं.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. व्याही मुसिरेप हा जुना पहिलवान, आणि त्याचं नाक असं की माणसाच्या आधी तेच खोलीत शिरायचं. त्याने स्वतःच्या हाताने इंझूला दोसानच्या मांडीवर ठेवलं.

"घ्या व्याही! हुंगा आणि सांगा, पोर कोणाच्या घराण्याची? तुमच्या की आमच्या?"

सगळं घर बघत होतं. दोसानने वाकून श्वास ओढला. आत नुसती शिट्टी वाजली. पण हार मानेल तो दोसान कसला!

"आहाहा!" तो म्हणाला. "दूध! ताजं दूध! जीव निवला."

अकमारलने डोक्यावरच्या रुमालात तोंड लपवलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. बातिमाने उठून खिडकी उघडली. कारण इंझूबाईंनी आजोबांच्या मांडीवर येताच आपला सगळा कारभार उरकला होता, आणि तो दारातल्या कुत्र्यालाही कळला होता.

"व्याही," मुसिरेप शांतपणे म्हणाला, "तुमच्या गावात याला दूध म्हणत असतील, तर मला चहा बिनदुधाचाच द्या!"

हसून हसून लोक जमिनीवर लोळले. दोसानही हसला, पण कानापर्यंत लाल होऊन. सगळ्यांनी हुंगलं, गावभरच्या म्हाताऱ्यांनी हुंगलं, दूध घालायला आलेल्या बाईने हुंगलं, आणि सख्खा आजोबा कोरडाच राहिला. त्याला आतून फार वाईट वाटलं.

मग सुरू झाले उपचार. औषधाच्या दुकानातले थेंब त्याने इतके वापरले होते की त्यांचा आता उपयोग उरला नव्हता. शेजाऱ्याने मेंढीच्या शेपटीची चरबी नाकावर चोळली. नाक चकाकलं, उघडलं नाही. कोणी सांगितलं, मोहरी हुंगा. मोहरी हुंगून तो अंगणात तीन फेऱ्या मारून आला, पण वास म्हणून काही आला नाही. मुसिरेप पलंगावर रेलून, तळलेले गोल बाऊरसाक एकेक करून तोंडात टाकत, रोज सकाळी चौकशी करायचा.

"काय व्याही, आज दार उघडलं की अजून आतून कडी?"

"उघडेल, उघडेल."

"घाई नाही. तुमच्या नाकाचा उपयोग होतोय ना, चष्मा टेकवायला!"

बातिमाचा मात्र एकाच औषधावर विश्वास होता. झुसान. पोट दुखलं झुसान, पिसवा झाल्या झुसान, नजर लागली झुसान. नातीला दृष्ट लागू नये म्हणून तिने घरभर, अंगणभर जमिनीवर ताजा फुललेला झुसान पसरला, पाळण्याला बांधला, नवऱ्याच्या उशीत भरला. शिवाय सकाळ-संध्याकाळ त्याचं उकळतं पातेलं त्याच्यापुढे ठेवून डोक्यावरून गोधडी टाकायची.

"घे वाफ, म्हाताऱ्या. खोल घे."

"बरतो बी, बातिबा!" गोधडीतून आवाज यायचा.

"मरत नाहीस. औषध लागू पडतंय."

औषध असं लागू पडलं की शेवटी त्याचे डोळेही सुजून अर्धे मिटले. झुसानवर संशय घ्यायचं कोणाच्या स्वप्नातही आलं नाही. आईवर कोणी संशय घेतो का?

निघायचा दिवस उजाडला. पाहुण्यांना निरोपाचं जेवण, त्यात कुमीस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, हवाच, आणि चांगला कुमीस वर डोंगरात, चुलतभावाच्या उन्हाळी तळावर. दोसानने जुनी जीप काढली. "मीच जातो," म्हणाला. खरं म्हणजे त्याला इंझूची बांधाबांध बघवत नव्हती. बातिमाने जाता जाता त्याच्या टोपीत झुसानची काडी खोचली.

डोंगर चढता चढता माळ खाली राहिला. देवदार सुरू झाले. पहिल्या वळणावर दोसानला कसलासा उग्र भपका आला, आणि तो मनात म्हणाला, जीपचं डिझेल गळतंय. दुसऱ्या वळणावर तो दचकला. गळतंय हे कळलं कसं?

त्याने करकचून ब्रेक दाबला. डावी नाकपुडी उघडली होती. त्याच्या डोळ्यांदेखत म्हणावं तर तसं, उजवीही फट् करून उघडली. डिंक! ओली माती! मागच्या सीटवरचं जुनं घोंगडं, त्यात कधी काळी झोपलेलं बकरं! दोसान जीपमधून उतरून रस्त्यावर नाचला. तळावर पोचून त्याने घोडी हुंगली, कुत्रा हुंगला, कुमिसाची मशक हुंगली. चुलतभावाने मुकाट्याने त्याला सावलीत बसवलं आणि डोक्याला हात लावून ताप पाहिला.

"अरे बरा आहे मी! येतोय वास! सगळ्याचा येतोय!" आणि सगळ्यात आवडता वास घ्यावा म्हणून त्याने टोपीतली झुसानची काडी नाकाला लावली.

पहिल्याच शिंकेने टोपी उडाली. शिंका थांबल्या तेव्हा नाक पुन्हा भिंत झालं होतं. दोसान काडीकडे बघत बसला. मग काडी लांब फेकली, झऱ्यावर तोंड धुतलं, चांगलं नाक शिंकरलं आणि वाट पाहिली. चुलीवरचा चहा उकळेपर्यंत नाक मोकळं.

"तू होतास होय रे!" तो खाली माळाकडे बघून म्हणाला. त्याला राग आला, हसू आलं, आणि लगेच खरी अडचण ध्यानात आली. नाक इथे होतं आणि इंझू तिथे. मोबाइलला इथे टॉवर नाही. खाली गेलं की कडी आतून. आणि दुपारी व्याही निघणार.

त्याने मेंढीच्या लोकरीचे दोन बोळे केले, दोन्ही नाकपुड्यांत ठासले, वरून रुमाल आवळला, काचा चढवल्या आणि जीप अशी पिटाळली की मशकेत कुमीस उसळ्या मारू लागला. बेत साधा होता. पोर जीपमध्येच मागवायची, दार लावून घ्यायचं, बोळे काढायचे, एक श्वास. एक पुरे.

पण अंगणात सगळं गाव निरोपाला जमलेलं. वडीलधाऱ्यांना ओलांडून जाणं म्हणजे सात पिढ्यांना नावं ठेवून घेणं. उतरावं लागलं. सलाम, हात मिळवणं, गुरंढोरं बरी? मुलंबाळं बरी? दोसान रुमालातून "हूं, हूं" करत एकेकाला उरकत होता. शेवटी मुसिरेप. तो हातात चहाचा वाडगा घेऊन उभा.

"हे काय, व्याही? दरोडा घालून आलात?"

पायाखाली बातिमाचा झुसान चुरचुरला. दोसानला आतून लाट उठलेली कळली. त्याने दात दाबले, श्वास रोखला, आकाशाकडे पाहिलं. काही उपयोग झाला नाही. शिंक आली ती तोफेसारखी. रुमाल हनुवटीवर आला, एक बोळा कोंबडीच्या अंगावर गेला आणि दुसरा टप्पकन मुसिरेपच्या चहात.

मुसिरेपने वाडग्यात पाहिलं.

"बिनदुधाचा मागितला होता," तो म्हणाला. "बिनलोकरीचा सांगायचं राहिलं."

लोक हसत सुटले. दोसान तिथेच पायरीवर बसला, आणि नाक भिंतीसारखं बंद झालेलं असताना त्याने सगळं सांगून टाकलं. देवदार, डिझेल, काडी. ऐकता ऐकता बातिमाचा पारा चढला.

"माझ्या झुसानला नाव ठेवतोस? माझ्या आजीच्या औषधाला?"

"डाव डाही ठेवत. वर डाक उघडतं, बातिबा. खाली डाही. आणि पोर चालली." त्याचा आवाज फाटला. "बला तिचा वास डाही बिळाला."

या वेळी कोणी हसलं नाही. मुसिरेपने वाडगा खाली ठेवला, मिशी पुसली.

"कितपत वर?"

"पहिल्या देवदारांपाशी."

"मग बसलात काय? पातेली उचला! मटण वर खाऊ. अरे, गाड्या वळवा रे त्या!"

आणि झालं काय, की निरोपाची सगळी वरात डोंगर चढू लागली. दोन गाड्या, एक जीप, मागे शेजाऱ्याचा ट्रॅक्टर, त्यात रस्सा हिंदकळतोय, आणि बातिमा फुगून बसलेली, पण अंगरखा झटकून झुसानचा कण न् कण काढलेली. वर झऱ्यावर दोसानचं तोंड, मान, मिशा सगळ्यांनी मिळून धुतलं. मग सगळे त्याच्याभोवती बसून त्याच्या नाकाकडे बघत राहिले, शर्यतीचे घोडे दिसायची वाट पाहावी तसे.

"उघडलं?"

"थांबा."

"आता?"

"डावं आलं!"

टाळ्या पडल्या.

"उजवं कुठाय?"

"येतंय... येतंय... आलं!"

कोणीतरी टोपी उडवली. अकमारलने हसत हसत इंझूला बापाच्या हातात दिलं. दोसानने वाकून टाळूला नाक लावलं आणि श्वास ओढला, पार पोटापर्यंत.

आधी दूध. खरोखरचं. मग कोवळी लोकर, उन्हात वाळलेली लंगोटं. आणि त्या सगळ्याखाली एक वास, जो अकमारल सासरी गेली तेव्हाच घरातून गेला असं तो धरून चालला होता. पाळण्यातल्या अकमारलचा. त्याला तो क्षणात ओळखता आला. इतका आनंद झाला की हसू की रडू हे त्याला ठरवता येईना.

"बोला!" मुसिरेप ओरडला. "कोणाची?"

दोसानने मान वर केली. या माणसाने एका नाकासाठी सगळी वरात डोंगरावर चढवली होती.

"तुमचीच, व्याही," तो म्हणाला. "सोळा आणे तुमची."

मुसिरेपने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"खोटारडे आहात," तो हळूच म्हणाला. "जन्मली तेव्हापासून रोज हुंगतोय मी. आमचं त्यात काडीचंही नाही. सगळी सुनेवर गेलीय. तुम्हाला कळलं तर तुम्ही दोघींना सोडणार नाही, या भीतीने मला झोप नव्हती."

दोसानने पुन्हा इंझूच्या टाळूवर नाक टेकवलं. मुसिरेपने मागे वळून गाडीवाल्यांना सांगितलं, घाई करू नका, अजून थोडा वेळ बसू.