ऑरिनचा भोंगा

हरणांच्या शिकारीचा मोसम उघडला की पहिल्या रविवारी आमच्या स्टोनर लेक गावच्या बंबखान्यात पॅनकेकची न्याहारी असते. बंब बाहेर उभे करायचे, आत लांब टेबलं मांडायची आणि गावाला पोटभर खाऊ घालायचं. तव्यावर ऑरिन लिंडाल. बंबखान्याचं चीफपद सोडून त्याला बरीच वर्षं झाली होती, पण तवा त्यानं सोडला नव्हता आणि लोकांनी त्याला ‘चीफ’ म्हणणं सोडलं नव्हतं. आताची कॅप्टन मार्लिस ट्वेट, एरवी शाळेची बस चालवणारी, तीही त्याला चीफच म्हणायची. आमच्याकडे आग विझवणाऱ्यांना पगार नसतो. कोणी बस चालवतं, कोणी बँकेत बसतं, आणि कमरेचा पेजर वाजला की हातातलं टाकून धावतं.

बंबावरचा कर्टिस मोठ्या हौसेनं पोरांना पाठीवरची हवेची टाकी दाखवत उभा होता. गप्पांत रंगून हलायचं विसरला आणि त्याच्या छातीवरचा भोंगा चिवचिवायला लागला. त्यानं घाईघाईनं कंबर हलवली तशी पोरं खिदळली.

“बायकोनं हाक मारल्यावर असा हलतोस का रे कधी?” ऑरिननं तव्यावरून विचारलं.

“ती हाक कुठे मारते, चीफ? ती थेट भोंगाच वाजवते.”

या भोंग्याची गंमत सगळ्यांना होती आणि धाकही. टाकीची हवा सुरू केली की तो जागा होतो. माणूस अर्धं मिनिट निपचित राहिला की आधी चिवचिवतो. अंग हलवलं तर गप्प बसतो, नाही हलवलं तर कानठळ्या बसतील अशी बोंब ठोकतो. बोंब थांबवायला छातीवरचं बटण दाबायचं, पण अर्ध्या मिनिटानं पुन्हा तेच. कायमचा बंद करायचा तर पाठीमागे हात घालून टाकीची चावी फिरवावी लागते. धुरात पडलेला माणूस कुठे आहे ते बाकीच्यांना कळावं, एवढ्यासाठीच तो असतो. नव्या माणसाला ऑरिन पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचा: “भोंगा वाजला की धावायचं. विचार घरी जाऊन करायचा.”

मार्लिसनं ते शिकवणं अंगावर अनुभवलं होतं. हॅन्सनांच्या पेटलेल्या गोठ्याचं छप्पर तिच्यावर कोसळलं, तेव्हा तिचाच भोंगा ठणाणत होता आणि सगळे नको नको म्हणत असताना ऑरिन आत शिरला होता. आजचा दिवस ती बघत होती तो त्याच्यामुळे.

पेजर वाजले ते पॅनकेकचा दुसरा घाणा तव्यावर असताना. तळ्याच्या पलीकडच्या रस्त्यावर घर पेटलंय, आत लहान मूल आहे, असा फोन आला होता. निम्मी माणसं शिकारीला रानात गेलेली. हाताशी उरले मार्लिस, कर्टिस आणि ऑरिनची मुलगी जनेल, जी बँकेत काउंटरवर बसते आणि बंबाचा पंप चालवते.

ऑरिननं एप्रन काढला. “मीही येतो.”

“चीफ, तुमचं वय आहे का आत शिरायचं?”

“मूल आत आहे म्हणतात, पोरी. त्याला माझं वय कुठे माहीत?”

मार्लिसनं बंबाचं दार उघडून त्याला आत घेतलं. पुढे कित्येक महिने तिनं मनातल्या मनात त्याचं उत्तर दिलं.

ते पोचले तेव्हा मागचं छप्पर पेटलं होतं. घर भाड्याचं, वसंत ऋतूपासून तिथे एक एकटा माणूस राहायला आला होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. अंगणात खेळणं नाही, दोरीवर लहान कपडे नाहीत. मार्लिसला ते खटकलं, पण मूल आहे म्हटल्यावर असल्या शंका कोण काढत बसतं? ऑरिन आणि कर्टिसनं मुखवटे चढवले, हवा सुरू केली आणि पाइप घेऊन अंगणातून दाराकडे निघाले.

तेवढ्यात फाडकन आवाज झाला. पाठोपाठ आणखी एक. कुणी मानही वर केली नाही. आमच्याकडे घराघरात काडतुसं असतात. घर पेटलं की ती फुटतात. शिवाय शिकारीचे दिवस, सकाळपासून सगळं रानच वाजत होतं. तिसऱ्या आवाजाला बंबाची काच फुटून मार्लिसच्या अंगावर सांडली, तेव्हा तिला कळलं की हे काडतूस घरातलं नव्हतं.

“खाली! सगळे खाली!”

कर्टिस दंड धरून धडपडत बंबाआड आला, जनेलनं त्याच्या टाकीची चावी बंद केली. ऑरिन आला नाही. तो अंगणाच्या मधोमध, उघड्या गवतावर कुशीवर पडला होता. समोर घर जळत होतं आणि डावीकडच्या झाडीत कोणीतरी बंदूक घेऊन बसलं होतं. मूल वगैरे काही नव्हतं. फोन करणारा तोच, आग लावणारा तोच, वाट बघणाराही तोच.

मार्लिसनं वायरलेसवर मदत मागितली. उत्तर आलं: पोलीस निघालेत, लांबून येतायत, तोवर कोणीही जागचं हलू नका.

कोणीही हलू नका. आणि अंगणात चिवचिव सुरू झाली.

जनेल ताडकन उठली. मार्लिसनं तिचा पट्टा धरून खाली खेचलं, तोच बंबाच्या दारावर गोळी आदळली, जनेलचं डोकं जिथे होतं तिथेच. तिकडे गवतात ऑरिननं पाय हलवला. चिवचिव थांबली. त्याच्या पायाशी माती उडाली.

पडून राहावं तर भोंगा ओरडतो, हलावं तर गोळी येते. आणि झाडीतल्याला आता कळलं होतं की तो आवाज झाला की बंबाआडून माणसं बाहेर येतात. त्याला ऑरिनला संपवायची घाईच नव्हती. त्याच्यासाठी येणाऱ्यांना तो टिपणार होता.

“सोड मला,” जनेल म्हणाली.

“नाही.”

“माझा बाप आहे तो!”

“माहीत आहे.”

“तुझ्यासाठी आला होता ना तो? हॅन्सनांच्या गोठ्यात? की विसरलीस?”

मार्लिसनं पट्टा आणखी घट्ट धरला. विसरली असती तर बरं झालं असतं.

तिच्या खांद्यावरचा वायरलेस खरखरला. मुखवट्याआडून आवाज दबका येत होता.

“मार्लिस.”

“बोला, चीफ. कुठे लागलंय?”

“ते राहू दे. तवा बंद केला का कुणी?”

तव्याचं कुणाच्या लक्षातही नव्हतं.

“केला,” मार्लिस म्हणाली.

“मग ठीक.” तो खोकला. “कुणी येऊ नका. मी शिकवलं ते आज विसरायचं.”

“बाबा!” जनेल ओरडली. पण बोलायचं बटण मार्लिसच्या हाताखाली होतं, आणि तिकडून पुढे काही आलंच नाही.

पुन्हा चिवचिव झाली. या वेळी पाय हलला नाही. चिवचिवीची बोंब झाली, आणि ती अशी की आगीचा आवाजही ऐकू येईना. वर्षानुवर्षं त्या आवाजाला धावलेली तिघं बंबाआड दात आवळून बसून राहिली. कर्टिसनं चांगल्या हातानं कान दाबून धरला. जनेल मार्लिसच्या हाताला चावत होती, अक्षरशः चावत होती, आणि मार्लिसला ते कळत नव्हतं. तिचे स्वतःचे गुडघे जमिनीवरून उचलले गेले होते.

“कर्टिस, हिला धर,” ती म्हणाली. “मी जाते.”

“वेडी आहेस का? तो त्याचीच वाट बघतोय!”

“माहीत आहे. धर म्हणते ना!”

आणि भोंगा थांबला.

जनेलचा जोर एकदम ओसरला. “बटण दाबलं,” ती म्हणाली. “शुद्धीवर आहे. मार्लिस, शुद्धीवर आहे तो!”

मार्लिस कान देऊन ऐकत राहिली. अर्धं मिनिट गेलं असेल, मग आणखी अर्धं. चिवचिव झाली नाही. जखमी माणूस असा न चुकता, वेळेवर हलत राहत नाही. बटण दाबून भोंगा एवढा गप्प राहत नाही. त्याला गप्प बसवायची एकच रीत होती, आणि तिच्यासाठी हात पाठीमागे, टाकीच्या चावीपर्यंत न्यावा लागतो.

“ऐकतेयस ना?” जनेल रडत हसत होती. “वाजत नाहीये. हलतोय तो.”

एक शब्द बोलायचा अवकाश होता. खरं सांगितलं असतं तर जनेलला कर्टिसच्यानं काय, दहाजणांच्यानंही धरवलं नसतं.

“हो,” मार्लिस म्हणाली. “हलतोय. म्हणून तर आपण इथेच थांबायचं.”

ती थांबली. जो माणूस तिच्यासाठी जळत्या गोठ्यात शिरला होता, तो हाकेच्या अंतरावर पडला होता आणि ती थांबली. जनेलला मिठीत धरून, तिच्या केसांवर हात फिरवत, तोंडानं “हो, हो” म्हणत. असलं शहाणपण शत्रूच्याही वाट्याला येऊ नये.

पोलिसांची चिलखती गाडी आली, झाडीत शिरली. आत एकच गोळी वाजली, ती त्या भाडेकरूनं स्वतःवर झाडून घेतलेली. त्यानं हे का केलं ते कुणाला कधी कळलं नाही. कळून काय लोणचं घालायचं होतं?

“धोका टळला,” असा पोलिसांचा आवाज येताच जनेल धावली. मार्लिस मागून गेली, सावकाश.

ऑरिननं मुखवटा काढून बाजूला ठेवला होता. एक हातमोजा गवतात पडला होता आणि उघडा हात पाठीमागे वळून टाकीच्या चावीवर होता. चावी पुरती बंद केलेली. छातीत गोळी असलेल्या माणसानं तो हात तिथवर कसा नेला असेल, देव जाणे. ओठांवर गवताची पाती चिकटली होती. मार्लिसनं मानेशी बोटं लावली आणि काढून घेतली.

जनेल त्या हाताकडे बघत राहिली. ती काही दुधखुळी नव्हती.

“तो हलत नव्हता,” ती म्हणाली.

“नाही.”

“तुला कळलं होतं.”

“हो.”

जनेलनं हात उगारला. मार्लिसनं चेहरा मागे घेतला नाही. पण हात तसाच खाली आला. जनेलनं बापाची बोटं एकेक करून चावीवरून सोडवली, चावी उलटी फिरवली आणि त्याच्याजवळ मांडी घालून बसली.

“काय करतेस?” मार्लिसनं विचारलं.

“वाजू दे.”

आधी चिवचिव झाली. मग बोंब. खाली रस्त्यावर पोलिसांनी अडवून धरलेले शेजारच्या गावांचे बंब उभे होते, रानातून बंदुका टाकून आलेली आपली माणसं उभी होती. भोंगा ऐकताच ती सगळी पोलिसांनी बांधलेली दोरी ओलांडून, जड बुटांनी चिखल तुडवत, चढावरून धावत सुटली. कुणी त्यांना थांबवलं नाही. मार्लिस ऑरिनच्या दुसऱ्या बाजूला गुडघे टेकून बसली आणि ती माणसं पोचेपर्यंत तिनं भोंगा वाजू दिला.