काडी न पेटवता चार पाहुणे

शेगडीची दोन्ही बटणं उपटून मुलीने पर्समध्ये टाकली, तेव्हा पावतीसाहेब एवढंच म्हणाले, "पावती दे."

"कसली पावती?"

"माल बाहेर चाललाय ना? मग नोंद नको?"

मुलीने कपाळावर हात मारला, पण पावती लिहून दिली. द्यावीच लागते. पंपांच्या कारखान्यात चौतीस वर्षं स्टोअर सांभाळलेला हा माणूस. त्यांच्या खिडकीतून सही केल्याशिवाय साधा वॉशरसुद्धा कधी बाहेर पडला नव्हता. एकदा खुद्द मॅनेजर पाना घेऊन 'सही नंतर करतो' म्हणाला, तर हे जेवणाच्या सुट्टीत त्याच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले, आणि मॅनेजरला डाव्या हाताने घास व उजव्या हाताने सही अशी कसरत करावी लागली. कारखान्यात त्यांना पावती म्हणायचे. वयाने आणि मानाने लहान असलेले पावतीसाहेब म्हणायचे.

तर मुलीने लिहिलं. वस्तू : शेगडीची बटणं. नग : दोन. कारण : 'शेगडी चालू ठेवून घराबाहेर गेले.' परत करण्याची तारीख या रकान्यापाशी मात्र तिचं पेन थांबलं आणि तो तसाच कोरा राहिला.

पावतीसाहेबांना बटणं गेल्याचं दुःख नव्हतं. तो कोरा रकाना मात्र त्यांना रात्रंदिवस डाचायला लागला. परत न येणाऱ्या मालाला स्टोअरच्या भाषेत एकच शब्द होता : बाद.

मुलीचंही चूक नव्हतं. ती इमारतींमधल्या लिफ्टची तपासणी करायची. जगात काय काय तुटू शकतं, जळू शकतं, निसटून खाली येऊ शकतं याची भलीमोठी यादी तिच्या डोक्यात कायम तयार असायची, आणि गेल्या महिन्यापासून त्या यादीत बाबा पहिल्या नंबरवर होते. तिने तिच्या घरातली मागची खोली रिकामी केली होती. पलंग टाकला होता, पडदेही लावले होते. येत्या पहिल्या तारखेला बाबांनी इथलं घर बंद करून तिकडे यायचं, असं तिचं ठरलं होतं. बाबांचं काय ठरलं होतं हे तिने विचारलं नव्हतं, कारण विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

"एक सौदा करू," पावतीसाहेब म्हणाले. "रविवारी पाच वाजता फिटर, ड्रायव्हर आणि टायपिस्टबाई येतायत. जुनी माणसं आहेत, सगळ्यांना खायची आवड. सगळं मी एकटा करणार. बाहेरून काही आणणार नाही आणि काडीही पेटवणार नाही. तू ये आणि तपास. पास झालो तर बटणं परत."

"आणि नापास झालात तर?"

"तर पलंगाच्या कुठल्या अंगाला भिंत आहे ते सांग. मला भिंतीकडे तोंड करून झोपायची सवय आहे."

मुलीला हसू आलं, पण तपासणी म्हटल्यावर तिला नाही म्हणता येईना.

पावतीसाहेबांना स्वयंपाक येत नव्हता. बायको होती तोवर गरज पडली नाही, आणि तिला जाऊन दोन वर्षं झाली तरी त्यांची मजल चहा आणि भाताच्या पुढे गेली नव्हती. पण शेगडी नसेल तर स्वयंपाक उरतो कुठे? मग उरतं ते कापणं, भरणं, रचणं आणि मोजणं, आणि यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

शनिवारीच त्यांनी दही फडक्यात बांधून नळाला टांगलं. रविवारी सकाळी ते घट्ट झाल्यावर त्यात लसूण ठेचून घातली, मीठ घातलं, मिरपूड घातली. काकडीच्या चकत्या फूटपट्टी लावून केल्या. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा पातळ चकती दह्याच्या वजनाने वाकते, हे त्यांनी तीन चकत्या खाऊन सिद्ध केलं. खजुरांना उभी चीर देऊन बी काढली आणि तिच्या जागी अक्रोड बसवला. सुटा भाग बसवावा तसा तो नीट बसला, तेव्हा ते स्वतःशीच 'वा' म्हणाले. टूथपिकवर एक द्राक्ष, एक चीजचा तुकडा, पुन्हा एक द्राक्ष. माणशी चार, अधिक दहा टक्के तूटफूट. फिटर येणार म्हणून तूटफूट पंधरा टक्के धरली.

राहिली बिस्किटं. खाऱ्या बिस्किटांवर टोमॅटोचे बारीक तुकडे आणि वर लिंबू. कपाटात दोन पाकिटं होती. एक बारा दिवसांपूर्वी उघडलेलं, चिमटा लावलेलं. दुसरं कोरं, कालच आणलेलं. पावतीसाहेबांचा हात क्षणभरही न घुटमळता जुन्याकडे गेला.

पाच वाजता तिघंही आले. फिटर आत येताच म्हणाला, "अरे पावती, आत यायला सही कुठे करू?"

"तुझी सही मला वाचता येत नाही. तू तसाच बस."

ड्रायव्हरने टेबल बघून डोळे मोठे केले. "हे सगळं तू केलंस? शेगडीशिवाय? आमच्या घरी शेगडी आहे, तरी हे होत नाही."

"घरी सांगू का तुझं हे वाक्य?" टायपिस्टबाई म्हणाल्या आणि त्यांनी पहिला खजूर तोंडात टाकला. मग डोळे मिटले. पावतीसाहेबांनी ते डोळे मनातल्या मनात जमेच्या बाजूला मांडले.

सव्वापाचला मुलगी आली. चपला काढून ती आधी स्वयंपाकघरात गेली. शेगडीला हात लावून पाहिला, गार होती. ओट्यावर सुरी धुऊन पालथी घातलेली होती, फडकं वाळत होतं. बाहेर येऊन तिने काकडी खाल्ली. मग दुसरी उचलली. द्राक्षाची काडी घेतली. तिच्या खांद्यांवरचा ताण जरासा उतरलेला पावतीसाहेबांनी बघितला आणि लिंबूपाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला.

मग तिने बिस्किट उचललं आणि ते मोडलं. म्हणजे मोडायला गेली, तर ते मोडेना, ओल्या पुठ्ठ्यासारखं वाकलं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "पाकीट उघडं राहिलं होतं का?"

 तेव्हा पावतीसाहेबांच्या लक्षात आलं की फिटरने पाच बिस्किटं खाल्ली होती आणि एकदाही कुरकुर असा आवाज आला नव्हता.

"मला दात कुठे आहेत?" ड्रायव्हर घाईघाईने म्हणाला. "मला तर अशीच आवडतात. मऊ."

"काका, थांबा हो." मुलीचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "बाबा, कधी उघडलं होतं हे? आठवतंय?"

'आठवतंय' हा शब्द पावतीसाहेबांना नेमका लागला. त्यांना एकदम तो मागच्या खोलीतला पलंग दिसला, पडदे दिसले. काकडी, खजूर, अक्रोड, सगळी मेहनत एका वाकलेल्या बिस्किटाने पाण्यात जाणार होती.

ते उठले. कपाटातून दोन पाकिटं आणून त्यांनी टेबलावर ठेवली. जुन्या पाकिटावर पेन्सिलने बारीक अक्षरात उघडल्याची तारीख होती, वेळ होती, आणि खाली 'चिमटा लावला' असंही लिहिलेलं होतं. नव्यावर फक्त आणल्याची तारीख होती.

मुलीने एक वाचलं, मग दुसरं वाचलं. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? घरात ताजं पाकीट असताना तुम्ही पाहुण्यांना हे दिलंत?"

"आधी आलेला माल आधी बाहेर," पावतीसाहेब म्हणाले. त्यांच्या लेखी विषय संपला होता.

टायपिस्टबाईंना हसू आवरेना. "अगं पोरी, याने मला चौतीस वर्षं पिवळा पडलेला कार्बनपेपर दिलाय! पाठीमागे नवा गठ्ठा दिसायचा मला, खिडकीतून! म्हटलं, त्यातला द्या की, तर म्हणे, त्याची पाळी आली की देईन. त्याची पाळी येईपर्यंत तोही पिवळा!"

"मला ग्रीस," फिटर म्हणाला. "साबणासारखं घट्ट झालेलं. लोक म्हणायचे पंप बिघडला. पंप नाही रे, पावती बिघडलाय!"

"म्हणजे तुम्हा सगळ्यांना बिस्किटं मऊ लागली होती?" पावतीसाहेबांनी विचारलं.

"पहिल्या घासाला," ड्रायव्हर म्हणाला. "पण आम्हाला वाटलं, पावतीच्या घरी आलोय, मऊच असणार."

मुलगीही हसायला लागली होती, पण तिचे डोळे वेगळंच काही आठवत होते. "लहानपणी मी या घरात ताजा पाव कधी खाल्लाच नाही," ती म्हणाली. "कालचा संपल्याशिवाय आजचा उघडायचा नाही, आणि तो उघडेपर्यंत तो कालचा. आई मला ओट्यामागे बोलावून नव्या पावाचा टोकाचा तुकडा द्यायची. गुपचूप. आणि पुन्हा पुडीचा कागद होता तसा दुमडून ठेवायची."

"माहीत होतं मला," पावतीसाहेब म्हणाले. "रोज एक टोक कमी भरायचं."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

"तूटफूट धरली."

 मुलीने ते वाकलेलं बिस्किट खाऊन टाकलं, बोटं पुसली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "बरं, बिस्किटांचं झालं. विसरत नाही, हट्टी आहात, हे मान्य. पण शेगडी, बाबा? ती तर चालूच होती. पातेलं काळं झालं होतं."

फिटरने पेल्यात डोकं घातलं. ड्रायव्हर खिडकीबाहेर बघायला लागला, जसं काही तिथे त्याची गाडी उभी होती.

पावतीसाहेबांनी महिनाभर याचं उत्तर दिलं नव्हतं. आता ते टेबलावरच्या काड्या एकत्र करत, त्यांची टोकं जुळवत म्हणाले, "चहाला पाणी ठेवलं होतं. उकळी यायला लागली तेव्हा बघितलं, तर दोन कपांचं होतं. हाताने आपलं ठेवलं, सवयीने. मग मला तिथे उभं राहवेना. कमी करावं म्हटलं, तेही होईना. जिन्यात जाऊन बसलो."

"किती वेळ?"

"त्याची नोंद नाही."

मुलीने मान खाली घातली. ज्या माणसाने बिस्किटाच्या पाकिटावर चिमट्याची नोंद ठेवली होती, त्याच्याकडे या एका गोष्टीची नोंद नव्हती. लिफ्ट तपासताना दोर किती झिजलाय हे तिला बोट फिरवून कळायचं. इथे बोट फिरवायचं राहून गेलं होतं.

तिने पर्स उघडली. किल्ल्या आणि मोजायच्या टेपच्या खालून एक काळं बटण काढून टेबलावर ठेवलं.

"एकच?" पावतीसाहेब म्हणाले.

"एकच. लहान बर्नरचं. दुसरं पुढच्या महिन्यात. आणि पाणी ठेवलं की मला फोन करायचा. उकळेपर्यंत बोलायचं. पाणी दोन कपांचं असलं तरी चालेल, पण फोन करायचा."

"आणि मागची खोली?"

"तिथे पडदे लावलेत तर राहू देत. कधी राहायला या. पाहुण्यासारखे."

पावतीसाहेब उठले. आतून पावती घेऊन आले, चष्मा लावला आणि तिच्यावर लिहिलं : नग एक परत, बाकी एक. मग पेन मुलीपुढे धरलं. तिने सही केली आणि न सांगता त्या कोऱ्या रकान्यात पुढच्या महिन्याची एक तारीख टाकली.

पावतीसाहेबांनी ती तारीख दोनदा वाचली. पावतीची घडी करून खिशात ठेवली. मग कोरं पाकीट उचललं आणि टर्रकन फाडलं.

"अरे अरे," फिटर ओरडला, "जुन्यातली सात शिल्लक आहेत अजून!"

"ती तू खा," पावतीसाहेब म्हणाले. "तुझ्या पंधरा टक्क्यांत धरलीत."

त्यांनी पहिलं बिस्किट मुलीच्या हातावर ठेवलं. टोमॅटो नाही, लिंबू नाही, नुसतं. तिने ते मोडलं आणि त्याचा कटकन आवाज झाला, इतका स्वच्छ, की टायपिस्टबाईसुद्धा बोलायच्या थांबल्या. अर्धा तुकडा तिने बाबांच्या पुढे धरला.

"घ्या," ती म्हणाली. "ओट्यामागे यायला नको."