कलती मान

"आता घरी जाऊन झोपू नका," डॉक्टरीणबाई हातमोजे काढत म्हणाल्या. "जे जे केल्यानं दुखतं, ते सगळं मुद्दाम करा. आणि संध्याकाळी फोन करून खरं काय ते सांगा. मला बरं वाटावं म्हणून बरं वाटतंय म्हणू नका."

तिरके टेबलावरून उतरले. उजवा पाय जमिनीला टेकवताना सवयीनं दात आवळले, आणि दुखलंच नाही. त्यांनी पाय उचलून पुन्हा टेकवून पाहिला. मग लेकीकडे असं बघितलं, जणू इतकी वर्षं तिनंच काहीतरी लपवून ठेवलं होतं.

तिरके हे काही आडनाव नव्हे. चौदा-एक वर्षांपूर्वी आपल्याच सलूनच्या ओल्या पायरीवर ते बदकन आपटले, आणि त्यानंतर उजव्या पायावर भार म्हणून टाकता आला नाही. सगळा डोलारा डाव्या पायावर. माणूस डावीकडे कलला तो कललाच. गल्लीतल्या पोरांनी नाव ठेवलं आणि हेही त्याला ओ द्यायला लागले. "सरळ माणसाला विचारतं कोण?" म्हणायचे. एक्स-रे काढून झाले, पट्टे बांधून झाले, तेलं चोळून झाली. जो तो मणक्याच्या नावानं बोटं मोडायचा, आणि मणका बिचारा निर्दोष. दुखणं त्याच्याही खाली, कमरेवर खळी पडते तिथल्या सांध्यात होतं. या बाईंनी तिथं एक बोट दाबलं तेव्हा तिरके असे ओरडले की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले.

"खुर्चीचा सांधा खिळखिळा झाला की सुतार काय करतो?" बाईंनी विचारलं होतं.

"खुंटी मारतो."

"तेच करायचंय. बाजूनं एवढीशी चीर, आत धातूच्या तीन खुंट्या. पण दुखणं तिथलंच आहे याची खात्री झाल्याशिवाय मी हात लावणार नाही. आधी इंजेक्शन देऊन तो सांधा काही तास बधिर करू. तेवढ्यात दुखलं नाही, तर ऑपरेशन. दुखलंच, तर माझ्याकडे उपाय नाही."

उपाय नाही म्हणजे सलून बंद. लेकीशी तसं ठरलं होतं. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "बाबा, खरं खरं सांगा हं त्यांना. उगाच सलूनच्या मोहापायी हाड कापून घ्याल. आई असती तर तिनंही हेच सांगितलं असतं."

"तुझ्या आईनं मला कधी काही सांगितलं नाही," तिरके म्हणाले. "परस्पर करून मोकळी व्हायची."

बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. सलूनमध्ये भिंतीला लागून एक बाक होता, त्याच्या दाराकडच्या टोकाला बसून ती टॉवेलांच्या घड्या घालायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची खबरबात घ्यायची. अजूनही गिऱ्हाइकं दाटीवाटीनं बसत, पण ते टोक सोडून. तिरक्यांना तिची आठवण घरापेक्षा इथंच जास्त यायची. खरं सांगायचं तर सलून सोडवत नव्हतं ते यासाठीच.

त्यांनी शटर वर केलं तेही दोन्ही पायांवर उभं राहून. पाठोपाठ मास्तर आले. मास्तर म्हणजे निवृत्त हेडमास्तर, तिरक्यांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. डोक्यावर केस उरले होते मोजके, पण दर महिन्याला कापायला येण्यात खंड नाही. ते खुर्चीत बसले. तिरक्यांनी कापड बांधलं, कात्री घेतली, समोर बघितलं आणि थबकले. आरसा खिळ्यावरून सरकलेला दिसत होता. ते पुढं गेले, आरसा हलवून बघितला. आरसा होता तिथंच होता.

वाकडी होती ती मास्तरांची मान.

"मास्तर, मान धरलीय का?"

"नाही बुवा."

"मग अशी डावीकडे का?"

"नेहमीसारखीच तर आहे," मास्तर म्हणाले. मग त्यांनी आरशातून तिरक्यांना खालून वर न्याहाळलं. "अरे, तू सरळ उभा आहेस."

"इंजेक्शन दिलंय. संध्याकाळपर्यंतच आहे हे. पण मानेचं काय?"

"आता सांगायला हरकत नाही. तुझ्या बायकोनं सांगितलं होतं. तू बाहेर कुणाशी तरी बोलत होतास. म्हणाली, 'मास्तर, एवढं करा. केस कापताना मान जरा डावीकडे ठेवत जा. उजव्या कानाशी वाकायचं तर त्यांना त्या पायावर जोर द्यावा लागतो. त्यांना मात्र बोलू नका, राग येईल.' मला वाटलं, मला एकट्यालाच सांगितलंय. पुढं एकदा बाकावर बसून बघतो तर माझ्या आधीचा कलता, त्याच्या आधीचाही कलता."

तिरके स्वतःच कललेले, त्यामुळं त्यांना सगळी डोकी सरळच दिसत आली होती.

"आणि ती गेल्यावर?" त्यांनी विचारलं.

"गेल्यावर काय? तिनं थांबा म्हणून सांगितलंच नाही."

तिरके कंगवा धुवायला मागं गेले. कंगवा स्वच्छच होता, पण नळ बराच वेळ चालू राहिला. त्यांना रडू आलं होतं आणि मास्तरांसमोर रडायचं नव्हतं.

संध्याकाळी शटर खाली ओढताना उजवीकडे ओळखीची कळ आली. त्यांनी तिथंच बाकाला धरून फोन लावला. "बाई, दिवसभर काही नव्हतं, आता दुखायला लागलं," ते इतक्या आनंदानं म्हणाले की बाईंनाही हसू आवरेना.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी घरी, मग काही आठवडे कुबड्या आणि लेकीचा पहारा. सलून उघडलं त्या दिवशी तिरके देवळातल्या खांबासारखे ताठ उभे होते. गिऱ्हाइकं एकेक करून खुर्चीत बसत होती आणि बसल्या बसल्या प्रत्येकाची मान डावीकडे जात होती. तिरके दोन बोटांनी ती अलगद सरळ करत. "आता गरज नाही," एवढंच म्हणत. माणसं हसत, अभिनंदन करत. पण दुपारपर्यंत तिरक्यांचा जीव कासावीस झाला. एकेक मान सरळ होत होती, आणि बायकोनं करून ठेवलेलं एकेक काम सलूनमधून कमी होत होतं.

शेवटी मास्तर आले. बसले, आणि मान कलली. मग त्यांच्याच लक्षात आलं. "अरे हो. सरळ ना आता?"

"राहू द्या," तिरके म्हणाले.

त्यांनी कात्री उचलली, सगळा भार डाव्या पायावर घेतला, आणि मास्तरांच्या मानेइतके कलून उभे राहिले.