पाठमोरी राही

"जावयबापू, माज्या राहीचं तोंड दावा," आवडाबाई बाळाजीला म्हणाली.

सासू दिघीहून आली होती. सांगावा पोचायला उशीर झाला, त्यात शिडाचा पडाव मिळेना. म्हातारी रेवदंड्याला पोचली तोवर लेकीची राखसुद्धा समुद्रात गेली होती. राही मुदतीच्या तापाने गेली. जिथे तिने प्राण सोडला तिथे चालीप्रमाणे पीठ पसरून शेजारी दिवा ठेवला होता. आवडाबाईने दिव्याकडे पाहिलं, रडली, घोटभर पाणी प्याली आणि मग हे मागितलं. मागणार नाही तर काय करील बिचारी? जावई फोटो काढतो, मुंबईला बक्षीस मिळवतो, हे दिघीत पोराबाळांना ठाऊक होतं.

"लहानपनीचं तोंड डोळ्यांम्होरं येतं," ती म्हणाली. "मोठी झाल्यावरचं येत न्हाय. किती दिसात भेट न्हाय झाली. एकडाव बगू द्या, म्हंजी जीव निवंल माजा."

"बघतो, मामी," असं म्हणून बाळाजी उठला आणि कोपऱ्यातली पत्र्याची पेटी उघडून बसला. आत काय आहे ते त्याला पाठ होतं. तरी तो एकेक चित्र काढून बघू लागला. माणसाची आशा मोठी चिवट असते बघा.

बाळाजी आगबोटीच्या तिकिटांचा कारकून. सातवी पास, सरळमार्गी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. रेवदंड्याच्या धक्क्यावर त्याने जन्म काढला असता आणि कुणी त्याचं नावही घेतलं नसतं. पण नागावला बंगला असलेल्या फरामजी शेठचं एकदा सामान चुकलं, ते बाळाजीने शोधून दिलं, आणि शेठने खूश होऊन आपला जुना कॅमेरा त्याच्या गळ्यात घातला. गळ्यात म्हणायचं आपलं. ती चांगली ट्रंकेएवढी पेटी होती, तीन पायांवर उभी राहणारी. वर काळं फडकं आणि आत चित्र उमटायला काचेच्या प्लेटा.

पहिलंच चित्र त्याने राहीचं काढलं. किनाऱ्यावर उभी केली, नवं लुगडं नेसवून. ती सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती. हसू दाबलेलं, कपाळावर बटा आलेल्या. बाळाजीला वाटलं, झकास झालं. थंडीत शेठ हवा खायला आले तेव्हा तो ते घेऊन नागावला गेला.

शेठ पोटभर हसले. "अरे बाळाजी, बायडीचा गळा कापला ने तू! आ जो, बघ, दरियाची रेघ सीधी तिच्या मानेतून गेली. ने डोक्यावर माड उगवला. माणूस एकदम वचमां, मधोमध कशाला घातला? ती काय देवळातली मूर्ती छे?"

बाळाजी कानापर्यंत लाल झाला. पण शेठ मनाचे चांगले. त्यांनी त्याला शेजारी बसवून घेतलं, कागदावर रेघा मारून दाखवल्या: समुद्राची रेघ कुठे हवी, माणूस कुठे हवा, मोकळी जागा किती सोडायची. दर थंडीत बाळाजी चित्रं घेऊन जाई आणि शेठ चुका काढत. राही मधून बाजूला सरकली. मग लांब गेली. मग एका वर्षी शेठ म्हणाले, "हवे, आता समजला तू. पण अजून एक सांगू? चेहरो काढून टाक. चेहरा दिसला की बघणारा चेहराच बघते, दरियाकडे कोण बघणार?"

झालं. तेव्हापासून राही पाठमोरी झाली.

तीही बिचारी हौसेने चालत जाई, टोपली घेऊन, ओहोटीच्या ओल्या वाळूत. "आता वळू का?" लांबून विचारी. "नको, चालत राहा," काळ्या फडक्याखालून बाळाजी ओरडे. प्लेटा धुवायला गोडं पाणी लागे. दारची विहीर मचूळ, म्हणून तेही तीच लांबून डोक्यावरून आणी. एकदा हंडा उतरवताना ती म्हणाली, "अवो, येकदा म्होरून फोटू काडा की माजा. निस्ती पाटच किती काडायची?"

"काढू, पुढच्या खेपेला," बाळाजी म्हणाला. ती खेप आली नाही. दर वेळी उजेड चांगला असे, ढग चांगले असत, आणि प्लेट वाया घालवावी असं त्याला वाटत नसे.

तेहतीस साली त्याच्या 'ओहोटी'ला मुंबईच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं. अख्खं गाव बघायला आलं. चित्राला चौकट हवी, चौकटीला काच हवी. शेठने मागेच सांगून ठेवलं होतं, बिघडलेल्या प्लेटा सोड्याच्या गरम पाण्यात टाक, वरचा थर निघून जाईल, काच कामाला येईल. मापही तेच, घासाघीस नको. बाळाजीने पत्र्याच्या पेटीतून सगळ्यात बिघडलेली प्लेट काढली. ती पहिली. गळा कापलेली. तिची कागदावरची प्रत नवशिक्या हाताची, धड धुतलेली नव्हती. ती केव्हाच काळी पडून गेली होती.

परसात राहीनेच ती घासली, सोड्याने आणि मग राखेने. थर सुटू लागला तसं तिला हसू आवरेना. "अवो, माजं नाक निगालं बगा," ती म्हणाली.

बाळाजीही हसला होता. आता पेटीपुढे बसल्या बसल्या ते आठवलं आणि त्याला ब्रह्मांड आठवलं. पेटीत राही किती होती! माडाखाली, खडकावर, होडीपाशी. सगळीकडे पाठ.

शेवटी त्याने भिंतीवरचं 'ओहोटी' उतरवून सासूच्या मांडीवर ठेवलं. आवडाबाईने ते डोळ्यांजवळ नेलं.

"ही कुटं हाय यात?"

बाळाजीने बोट ठेवलं. समुद्र, वाळू, ढग, आणि कडेला तिळाएवढी बाई.

"व्हय," म्हातारी म्हणाली. "तिचीच चाल ही. डावा खांदा पाडून चालायची." मग तिने त्या तिळावरून बोट फिरवलं. "जावयबापू, तुमी हाक न्हाय मारली तिला? हाक मारली असती तर वळली असती."

 बाळाजीने चौकट परत घेतली, मागचे खिळे सुरीने उचकटले आणि काच बाहेर काढली. दारात जाऊन ती उजेडात धरली. आडवी केली, तिरकी केली, कडांवर नख फिरवलं. कुठे बट नाही, लुगड्याचा काठ नाही. राही कुठलंच काम अर्धवट करत नसे; काच लखलखीत होती.

"काय बगता?" आवडाबाईने विचारलं.

"हिच्यावर होती, मामी," बाळाजी म्हणाला. "तोंड समोर होतं. हसत होती. चित्र बिघडलेलं म्हणून मी धुवायला दिली."

म्हातारी चिडेल, शिव्या देईल असं त्याला वाटलं. तसं झालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. पण तिने हात पुढे केला, काच घेतली, दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरली आणि तिच्यातून अंगणाकडे बघत राहिली. मग पदराने पुसली.

दिवसकार्य झाल्यावर ती दिघीला परत निघाली. बाळाजी धक्क्यावर सोडायला गेला. त्याने बक्षिसाचं चित्र बरोबर घेतलं होतं, ते तो देऊ लागला, तर तिने मानेनेच नको म्हटलं. तिच्या काखेतल्या गाठोड्यात जुन्या लुगड्याच्या घड्यांत ती काच होती. पडाव हलू लागला तशी तिने गाठोडं मांडीवर घेतलं आणि लाटांचा धक्का लागू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून बसली.

बाळाजी घरी आला आणि त्याने चित्र पुन्हा भिंतीवर लावलं, तसंच, बिनकाचेचं.