भिंतीवरचे चौघे, एकाच नावाचे

आमच्या फ्रेमच्या दुकानात दारासमोरच्या भिंतीवर चार माणसं टांगलेली आहेत. चौघांचं नाव एक, आडनावही एक, आणि एकमेकांशी नातं म्हणाल तर काडीचं नाही. एक हृदयाची ऑपरेशनं करणारा डॉक्टर. एक फुटबॉलचा गोलकीपर, हात पसरून हवेत आडवा झालेला. एक पूल बांधणारा इंजिनियर. आणि एक बासरीवाला, ज्याच्या केसांना जन्मात कंगवा लागला नसावा. त्याच नावाचा पाचवा माणूस मागच्या खोलीत करवत घेऊन बसलेला असतो. तो माझा मुलगा.

नाव मीच ठेवलं. सासूबाईंच्या मनात दुसरं होतं, पण मी ऐकलं नाही. तेव्हा या चौघांना त्यांच्या गल्लीतसुद्धा कोणी ओळखत नसेल. मग एकेकाचं नाव होत गेलं. पेपरात ठळक अक्षरांत आपल्या मुलाचं नाव आलं तर कुठल्या आईला भरून येणार नाही? खालची बारीक अक्षरं सूनबाई वाचून दाखवायची आणि शेवटी हमखास म्हणायची, "हे आपले नव्हेत हं, आई." जसं काही मला कळतच नव्हतं. मी फोटो कापून मुलाच्या हातात द्यायचे आणि तो मुकाट्यानं फ्रेम करून द्यायचा. बासरीवाल्याच्या वेळी मात्र त्यानं विचारलं, "आई, अजून किती आहेत गं माझ्या नावाचे?"

"तू नाव काढेपर्यंत येतच राहणार," मी म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला. तो हसला आणि काच पुसायला लागला.

मग समोर नवी इमारत झाली आणि तिथं बँकेच्या मॅनेजरची बायको राहायला आली. मॅनेजरीणबाई. लेकीचा पदवी घेतानाचा फोटो घेऊन त्या दुकानात आल्या. दुपारची वेळ होती, मुलगा कोणाच्या तरी घरी फ्रेम टांगायला गेला होता. मी स्टूल पुढं केलं. त्यांनी आधी रुमाल काढला, स्टूल नीट पुसलं आणि मग टेकल्या. ते स्टूल मी रोज पुसते. माझ्या दुकानात धूळ सापडली तर मी नाव बदलेन. पण त्यांनी पुसलं, आणि ते माझ्या मनाला झोंबलं.

"हे कोण, आजी?" त्यांनी डॉक्टरकडं बोट दाखवलं.

"माझा मुलगा," मी म्हणाले.

बाईंचा रुमाल हातातच राहिला. "अय्या, हे तर केवढे मोठे डॉक्टर. आणि तुम्ही इथं?"

"तो म्हणतो ये राहायला. पण मला माझं दुकान सोडवत नाही."

झालं. त्या दिवसापासून समोरच्या इमारतीत मी 'डॉक्टरांच्या आई' झाले. भाजी घेताना बायका मला पुढं घालायच्या. जिन्याखालचा पहारेकरी उठून उभा राहायचा. मला ते आवडायचं, उगीच खोटं कशाला बोलू. मुलाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो दुपारी बाहेर असायचा, आणि बाई दुपारच्याच यायच्या.

आणि डॉक्टर गेला.

सकाळी पेपर उघडला तर पहिल्याच पानावर काळ्या चौकटीत माझ्या मुलाचं नाव. मग मागच्या खोलीतून करवतीचा आवाज आला तेव्हा जीव जाग्यावर आला. पेपराची घडी घालतेय तोवर दारात मॅनेजरीणबाई उभ्या, सोबत इमारतीतल्या आणखी दोघी. या खेपेला त्यांनी स्टूल पुसलं नाही. तशाच बसल्या आणि माझे दोन्ही हात हातात घेतले.

"आई, काय बोलू मी," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

त्या क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं. मी मान खाली घातली. वर माझ्याही डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते खरं पाणी होतं, कोणासाठी होतं ते देव जाणे. तिघी पदरानं डोळे टिपतायत, मी मधे बसलेय, आणि रडणं ऐकून मुलगा पाण्याचा पेला घेऊन बाहेर आला. भुवयांवर लाकडाचा भुसा, बोटांना सरस. तो आता तोंडातून 'आई' काढणार, हे मला दिसलं. त्याच्या आधी मी बोलले.

"हे आमचे कारागीर," मी म्हणाले.

तो जागच्या जागी थांबला. त्यानं पेपर पाहिला, बायका पाहिल्या, भिंतीवरचा डॉक्टर पाहिला. माझा मुलगा मंद नाही. त्यानं पेला माझ्या हातात दिला.

"पाणी घ्या, बाई," तो म्हणाला. "काही लागलं तर हाक मारा. मी मागं आहे."

बोलायला लागल्यापासून त्यानं मला 'अगं आई' सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. भांडला तरी 'अगं', ताप चढला तरी 'अगं'. त्या 'घ्या'नं माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं.

"किती आदबीनं बोलतो," मॅनेजरीणबाई दुसरीला हळूच म्हणाल्या. "अशी माणसं मिळत नाहीत हल्ली."

मला बसवेना. मी उठले आणि मागच्या खोलीकडं तोंड करून त्याला नावानं हाक मारली. अख्ख्या नावानं. आणि तिघींच्या तोंडून हुंदकाच फुटला. मॅनेजरीणबाईंनी मला मिठी मारली. "नका, आई. अशा हाका मारून ते आता यायचे नाहीत."

तो दारात येऊन उभा राहिला.

"हा माझा मुलगा," मी म्हणाले. "हाच. दुसरा नाही मला."

"हो, हो," बाई माझी पाठ थोपटत म्हणाल्या. "आता हाच तुमचा मुलगा."

"अहो बाई, मी शुद्धीवर आहे. हा माझ्या पोटचा."

"हो ना. पोटच्यासारखाच." आणि त्याच्याकडं वळून म्हणाल्या, "दादा, यांच्याकडं लक्ष ठेवा हं. धक्का बसलाय त्यांना."

"ठेवतो," तो म्हणाला. "त्यांना जरा पडू द्या. या तुम्ही."

त्या पाय न वाजवता गेल्या. मी मुलाकडं बघितलं नाही. बघवेना.

दिवसभर तो मला 'तुम्ही' म्हणत राहिला. आवाज चढवला नाही, काही फेकलं-आपटलं नाही, जेवण टाकलं नाही. "तुम्ही बसा, मी घेतो वाढून." "तुमचा चष्मा खिडकीत आहे." सूनबाई एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होती. शेवटी म्हणाली, "आज काय, घरात पाहुणे आलेत का?" आणि तिनं भात वाढला.

मी आयुष्यात कधी कोणापुढं मान खाली घातली नव्हती. नवरा गेल्यावर दुकान बंद करा म्हणणाऱ्या दिराला मी काचेच्या तुकड्यांची बादली उचलून दाखवली होती. पण त्या दिवशी माझ्याच स्वयंपाकघरात मला तोंड लपवायला कोपरा सापडेना. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मी तर कळसा काखेतून काढून वर सांगितलं, हा माझा नव्हे.

सकाळी उठून समोरच्या इमारतीत गेले. लिफ्टमध्ये मला कोंडल्यासारखं होतं, म्हणून जिन्यानं चढले. मॅनेजरीणबाईंनी दार उघडलं. मागं त्यांचे यजमान अर्ध्या गालाला साबण लावून उभे. मी आत गेले नाही. दारातच सगळं सांगितलं.

"म्हणजे ते डॉक्टर तुमचे कोणीच नव्हते?" बाई म्हणाल्या.

"कोणीच नव्हते. नाव तेवढं एक."

"मी काल माझ्या आईला फोन करून रडले," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "आणि ते पाणी घेऊन आलेले?"

"तो माझा मुलगा. फ्रेमचा कारखाना आहे त्याचा. हाताखाली माणसं आहेत."

हे मी म्हणाले. खरं सांगायला म्हणून जिना चढून गेलेली मी. जीभ माझीच, पण त्या वेळी तिला आवरायला मी नव्हते कुठं.

"बरं," बाई म्हणाल्या आणि दार हळूच लावलं. धाडकन लावलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुकानात आले तर तो काच कापत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"सांगून आले त्यांना."

"काय?"

"की तू माझा मुलगा आहेस."

त्यानं काचेवरची रेघ पुरी केली, दोन्ही बाजूंना धरून काच मोडली. मोजून बघितली. मग विचारलं, "आणि मी काय करतो म्हणून सांगितलंत?"

मी भिंतीकडं बघितलं. तिथून कोण मदतीला येणार?

"किती माणसं आहेत माझ्या हाताखाली?" तो म्हणाला. तो मला ओळखून आहे.

"आकडा नाही सांगितला," मी म्हणाले.

तो हसला नाही. त्यानं काच उचलून बाजूला ठेवली आणि दुसरी पुढं ओढली. मी चपला पुन्हा पायात सरकवल्या.

"राहू द्या आता. गुडघे दुखतील," तो मान वर न करता म्हणाला.

मी रस्ता ओलांडला. मॅनेजरीणबाईंनी या वेळी दार अर्धंच उघडलं. मला धाप लागली होती. मी कठडा धरला.

"कारखाना नाही," मी म्हणाले. "माणसंही नाहीत. तो एकटाच आहे. मागच्या खोलीत बसून लोकांच्या फोटोंना फ्रेम करतो."